फक्त पुणे केंद्रावर गाजलेली गाणी: कुणाच्या वहीत आहेत का?

शनिपार

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला धागा आज काढतेय.

लग्न होऊन १९८९ साली मी नागपूरला गेले. तिथल्या पहिल्या कोजागरीला शेजारणींनी गाणं म्हणायचा आग्रह केला. मी आमच्या घरात उठता-बसता म्हटलं जाणारं एक गाणं म्हटलं. ओट्यावर बसून जाईच्या कळ्या मोजणारी मुलगी, आणि दिवेलागण झाली तरी घरी न आलेला बाप. सगळ्यांना आवडलं, पण एकीलाही ते माहीत नव्हतं. एकीने तर विचारलं, "तुम्ही स्वतः केलंय का?" मी गप्पच झाले. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात ते पाचही बिऱ्हाडांना पाठ होतं. शाळेच्या गॅदरिंगला कुणी ना कुणी म्हणायचंच. मी धरूनच चालले होते की ते अख्ख्या महाराष्ट्राचं गाणं आहे.

मी ते रेडिओवर स्वतः कधीच ऐकलेलं नाही, आईच्या तोंडून शिकले. आईने ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ऐकलेलं. त्याची रेकॉर्ड निघाली नाही, सिनेमात ते नाही, कॅसेटवर नाही, आता नेटवरही नाही. केंद्रावरच्या कलाकारांनी गायलं, केंद्राच्या टेपवर राहिलं, आणि जिथवर पुणे केंद्र लागतं तिथवर गाजलं. पुण्याच्या सात पाचच्या प्रादेशिक बातम्या राज्यातली कितीतरी केंद्रं सहक्षेपित करायची, त्यामुळे सुधा नरवण्यांचा आवाज लांब लांबच्या घरांत ओळखीचा होता. पण बातम्यांच्या आगेमागे लागणारी गाणी ज्या त्या केंद्राची. बातमी राज्यभर जायची आणि गाणं पुण्यात राहायचं, हे मला नागपूरला गेल्यावर कळलं.

आईच्या वहीबद्दल सांगते. आजोबांच्या दुकानातली लांबोडकी हिशेबाची वही आहे, लाल कापडी बांधणीची. गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपणार, आणि आईच्या एका हाताला कणीक. म्हणून पहिल्या वेळी ध्रुपद, पुढच्या वेळी पहिलं कडवं, असं करत एकेक गाणं महिना-दीड महिन्याने पुरं व्हायचं. निसटलेल्या शब्दाची जागा ती तेवढीच मोकळी सोडायची आणि पुन्हा ऐकू आलं की भरायची, त्यामुळे एकाच ओळीत निळी आणि काळी शाई दिसते. कळ्यांच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ मात्र अजून मोकळी आहे. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात "दूध" लिहिलंय. लहानपणी मी त्या ओळीत "दूध" हाच शब्द कसाबसा बसवून म्हणायचे. पुढे आईने सांगितलं की नेमकं तेव्हा शेगडीवरचं दूध उतू गेलं, ती धावली आणि ओळ गेली. पुढे ते गाणं लागायचंच कमी झालं. वाड्यात ती ओळ प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या परीने म्हणायचं.

ही तिची दुसरी वही. पहिली पानशेतच्या पुरात गेली.

तर विचारायचं असं, की तुमच्याकडे अशी गाणी आहेत का? पुणे केंद्रावर गाजलेली, पण खंडाळ्याच्या पलीकडे कुणाला ठाऊक नसलेली? शब्द अर्धवट आठवत असतील तरी लिहा.

खडकमाळ

फार चांगला विषय काढलात. मोठ्या उदाहरणापासून सुरुवात करतो.

गीतरामायण आज सगळ्यांचं आहे, पण ते जन्माला आलं एका केंद्राचा साप्ताहिक कार्यक्रम म्हणून. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. त्यानंतर दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पहिलं गीत लागलं. सीताकांत लाड यांची योजना, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. वर्षभराचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक मास आला म्हणून चार गीतं वाढली आणि ५६ झाली. शेवटचं गीत १९ एप्रिल १९५६ ला. दर आठवड्याला नवं गीत लिहायचं, चाल बांधायची, बसवायचं आणि वेळेवर लावायचं. आमचे वडील सांगत की रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते दुसऱ्याच्या दारात उभे राहत.

आता तुमच्या धाग्याशी संबंध असलेला भाग. पुण्याने १९५५ साली जे ऐकलं त्यात अनेक आवाज होते. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, बबनराव नावडीकर असे कितीतरी. प्रत्येक पात्राचा गळा वेगळा. नंतर घरोघरी पोचलेल्या रेकॉर्डवर सगळी गीतं एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत. ती थोर आहेतच, मी रोज ऐकतो. पण आमची आजी शेवटपर्यंत म्हणायची की "हे ते नव्हे." तिच्या कानात सीता बाईच्या आवाजात होती. म्हणजे जे गाणं जगभर गेलं, त्याचंही एक रूप मागेच राहिलं. शब्द तेच, चाल तीच, तरी ते मागे राहिलेलं रूप मला तुमच्या कळ्यांच्या गाण्याचं सख्खं भावंड वाटतं.

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवते. घरी गेल्यावर सासूबाईंना विचारून लिहिते.

तापकीर गल्ली

मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, म्हणून गाणं कुठवर जातं याबद्दल लिहितो.

पुण्याचं मूळ केंद्र मध्यम लहरींवर, आताचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ. म्हणजे लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. जुनी माणसं मीटरमध्येच बोलायची. दिवसा या लहरी जमिनीला धरून जातात. आकाशाकडे गेलेल्या लहरी वातावरणात उन्हामुळे तयार होणाऱ्या खालच्या थरात जिरून जातात. त्यामुळे सकाळचं गाणं केंद्राच्या आसपासच्या जिल्ह्यांतच राहतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परतून लांब उतरतात आणि कुठली कुठली केंद्रं एकमेकांत मिसळतात. शनिपारताई, तुमच्या आईंचं गाणं सकाळी लागत असेल तर ते बाहेर न जाण्याचं निम्मं कारण हेच आहे.

एफएमचं गणित आणखी कडक. ती लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की संपली. कात्रजच्या बोगद्यात शिरताना गाणं तुटतं ते सगळ्यांनी अनुभवलंय. पण खरी मजा खंडाळ्याला. ९८.३, ९१.१, ९३.५ हे आकडे पुण्यातही आहेत आणि मुंबईतही. एफएमचा रेडिओ दोन केंद्रांतलं जे जोरदार असेल तेच उचलतो, दोन्ही एकत्र ऐकवत नाही. त्यामुळे घाटात एका वळणावर पुण्याचं गाणं चालू असतं, पुढच्या वळणावर मुंबईचं, मध्ये फक्त थोडी खरखर. बटणाला हात न लावता तुम्ही एका गावाच्या आवडीतून दुसऱ्या गावाच्या आवडीत जाता. मी त्या वळणाला गाडीतल्या सगळ्यांना गप्प करून ऐकवतो.

आणखी एक पाहिलेली गोष्ट लिहितो. दुरुस्तीला आलेला रेडिओ उघडला की आत गँग असतो, म्हणजे स्टेशन बदलताना फिरणारी ॲल्युमिनियमची पाती. शहरातल्या बऱ्याच घरांतल्या रेडिओत त्या पात्यांवर सारखी धूळ बसलेली असायची आणि डायलचा दोरा एकाच जागी दबून काळा पडलेला. म्हणजे काटा वर्षानुवर्षं हललेलाच नाही. पुणे लावलं, की लावलं. ज्या घरात काटा हलत नाही, त्या घराला आपलं गाणं स्थानिक आहे हे कळणार कसं?

शनिपार

@तापकीर गल्ली, आमच्या रेडिओचा काटाही हलत नसे. वडील हात लावू द्यायचे नाहीत. रेडिओच्या परवान्याचं पुस्तक आणि रेडिओ या दोन गोष्टी त्यांच्याच ताब्यात.

@खडकमाळ, आजींचं "हे ते नव्हे" वाचून आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

कृष्णाकाठ

कराडहून लिहितोय. आमचं गाव दोन केंद्रांच्या मध्ये आहे, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न वेगळ्या बाजूने दिसतो.

सांगली केंद्र १९६३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. त्याआधी आमच्याकडे पुणेच लागायचं, थोडं दबलेलं, पण लागायचं. सांगली आलं आणि आवाज एवढा स्वच्छ यायला लागला की बहुतेक घरांत काटा तिकडे सरकला तो सरकलाच. त्यामुळे आमच्या घरात गाण्यांचे दोन थर आहेत. वडील आणि आत्या पुण्याची गाणी म्हणतात, धाकटे काका सांगलीची. एकाच घरातली भावंडं, पाच-सात वर्षांचं अंतर, आणि काकांना आत्याची निम्मी गाणी माहीत नाहीत.

ताई, कळ्या मोजणारी मुलगी आणि न आलेला बाप हे वाचून मी आत्याला फोन केला. आत्या ८१ वर्षांची आहे. तिने विषय ऐकल्याबरोबर फोनवरच दोन ओळी म्हटल्या. तिला ते गाणं येतं! पूर्ण येत नाही, पण येतं. शनिवारी तिच्याकडे जाऊन नीट लिहून आणतो.

शनिपार

अहो काय सांगताय! हात थरथरतायत टाइप करताना. पस्तीस वर्षांत आमच्या वाड्याबाहेरचं माणूस पहिल्यांदा भेटतंय. कृपा करून दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ विचारा. त्यांना आठवेल तशी लिहा, दुरुस्त करू नका.

मिशिगनकर

मूळचा कर्वेनगरचा, गेली बावीस वर्षं डेट्रॉइटजवळ. इकडे या प्रकाराचा अभ्यास लोकांनी मनापासून केलाय म्हणून लिहितो.

पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत प्रत्येक शहराचं रेडिओ केंद्र आपली गाणी आपणच निवडायचं. कुठलं गाणं वाजवायचं हे तिथल्या निवेदकाच्या हातात असायचं. त्यामुळे एका शहरात पहिल्या नंबरवर असलेलं गाणं शेजारच्या राज्यात कुणी ऐकलेलंही नसायचं. आमच्या डेट्रॉइटचं ठळक उदाहरण म्हणजे बॉब सीगर. १९६७ साली त्याचं 'हेवी म्युझिक' इथे जोरात वाजत होतं. तेवढ्यात त्याची रेकॉर्ड कंपनीच गाळात गेली आणि गाणं देशभर पोचलं नाही. देशाने त्याला खऱ्या अर्थाने ओळखलं ते जवळजवळ दहा वर्षांनी. इथली म्हातारी माणसं अजून त्या गाण्याबद्दल "आमचं" असं म्हणतात.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. मिशिगनमधल्या नाइल्स या लहान गावात टॉमी जेम्स नावाच्या शाळकरी मुलाने मित्रांना घेऊन १९६४ साली 'हँकी पँकी' हे गाणं तिथल्या रेडिओ केंद्रातच रेकॉर्ड केलं. आसपासच्या गावांत गाजलं, विरलं, शाळा संपली, मुलं पांगली. दीडेक वर्षाने पिट्सबर्गमध्ये कुणाच्या तरी हाती ती जुनी तबकडी लागली. तिथे नाचाच्या कार्यक्रमांत वाजली, रेडिओवर वाजली, लोकांनी चोरून प्रती काढून विकल्या. टॉमीला बोलावणं गेलं तेव्हा जुने साथीदार यायला तयार नव्हते, म्हणून त्याने पिट्सबर्गमध्येच नवीन पोरं गोळा केली. जुलै १९६६ मध्ये तेच गाणं, तीच जुनी तबकडी, देशात पहिल्या नंबरवर.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे सगळं आज कसं माहीत आहे? कारण ही केंद्रं दर आठवड्याला आपल्या गाण्यांचा क्रम छापायची आणि तो कागद रेकॉर्डच्या दुकानात फुकट वाटायची. शिकागोच्या डब्ल्यूएलएसचे कागद आहेत, कॅनडातल्या टोरांटोच्या चम केंद्राचा तक्ता तर १९५७ ते १९८६ सलग आहे. लोकांनी ते कागद जपले, त्यामुळे कुठल्या गावात कुठल्या आठवड्यात काय गाजलं हे बोट ठेवून दाखवता येतं. आपल्याकडे असा कागद कुणी वाटला नाही. पण शनिपारताईंच्या आईंची वही म्हणजे तोच कागद आहे की! निळी शाई, काळी शाई, म्हणजे गाणं किमान दोनदा लागलं. चार रंग असतील तर चारदा. मी शाईचे रंग मोजले असते.

वाचनमात्र

यात तो गायक रॉड्रिग्ज पण येईल ना? तोही डेट्रॉइटचाच. अमेरिकेत कुणी विचारलं नाही आणि दक्षिण आफ्रिकेत घराघरात. माहितीपट पाहिलाय मी, फार रडले होते.

मिशिगनकर

@वाचनमात्र, जवळचं आहे, पण एक फरक महत्त्वाचा. त्याची १९७० ची तबकडी दक्षिण आफ्रिकेत गाजली ती हातोहाती, रेडिओमुळे नव्हे. तिथल्या सरकारी रेडिओच्या संग्रहातल्या प्रतीवर नको असलेली गाणी टोकदार वस्तूने खरवडून ठेवलेली त्या माहितीपटात दाखवली आहेत, म्हणजे चुकूनही सुई बसू नये. तिथे रेडिओने अडवलं आणि लोकांनी पसरवलं. आपल्या धाग्यातली गाणी रेडिओने दिली आणि रेडिओबरोबरच गेली.

बेलबाग

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

स्थानिक पातळीवर गाजलं म्हणजे लोकांना आवडलं, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. फर्माइशी कोण पाठवतं यावर बरंच असतं. झुमरीतलैयाचं उदाहरण घ्या. आजच्या झारखंडमधलं अभ्रकाच्या खाणींचं लहानसं गाव, पण तिथल्या मोजक्या हौशी लोकांनी एवढी पोस्टकार्डं पाठवली की सगळा देश ते नाव ओळखू लागला. रेडिओवरचा फर्माइशींचा कार्यक्रम 'आपली आवड' ऐकताना मलाही जाणवायचं, तीच तीच गावं, तीच तीच नावं. कार्ड लिहायला हौस लागते, वेळ लागतो, अक्षर लागतं. माझी आई गाणी जीव ओतून ऐकायची, पण तिने आयुष्यात एकही फर्माइश पाठवली नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं. तिला काय आवडायचं हे कुठल्याच कागदावर नाही.

आणि रेकॉर्ड न निघालेलं प्रत्येक गाणं थोर असतं असंही नाही. काही गाणी विसरली गेली ती साधारण होती म्हणून.

शनिपार

@बेलबाग, राग कसला. तुमच्या आईंबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्या कुठलं गाणं गुणगुणायच्या, आठवतं का? तेच इथे लिहा ना. पोस्टकार्ड नसेल, पण तुमच्या कानात आहे.

गाणं थोर होतं की नाही हे मला सांगता येणार नाही. साठ वर्षं आमच्या घरात आहे, एवढंच सांगता येतं.

खडकमाळ

बेलबाग यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर. साधारण गाणी विसरली जातात हे खरं, पण उत्तम गाणी तरली ती नुसती उत्तम होती म्हणून तरली नाहीत. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' घ्या. चाल राम फाटकांची, त्यांचं पुणे आकाशवाणीशी जवळचं नातं, आणि गायला भीमसेनजी. तो अभंग मैफलींतून गावोगाव गेला, रेकॉर्डवर गेला. त्याच इमारतीत, तशाच मायक्रोफोनसमोर, कमी नावाजलेल्या गायिकेने गायलेलं भावगीत पुढे नेणारं कुणी नव्हतं. टेप महाग होती. त्या काळी जगभरच्या केंद्रांत जुनी टेप पुसून तिच्यावर नवं मुद्रण करायची पद्धत होती. त्यात काय काय गेलं असेल, विचार करवत नाही.

रात्रीची लिंक

खासगी एफएमबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी पुण्यातल्या एका केंद्रावर सहा वर्षं निवेदिका होते. नाव घेत नाही.

लोकांना वाटतं की गाणी आम्ही निवडतो. रोजची यादी संगणकातून तयार होऊन यायची, आणि ती कशी बनावी हे दुसऱ्या शहरात बसलेली माणसं ठरवायची. जी गाणी जोरात चालवायची ती दर तीन-चार तासांनी फिरून यायची, तीच सगळ्या शहरांत. माझ्या हातात दोन गाण्यांच्या मधली लिंक, म्हणजे बोलायची मिनिट-दीड मिनिटं.

एकदा इथल्याच कॉलेजच्या मुलांनी स्वतः केलेलं एक मराठी गाणं आणून दिलं. पावसाळ्यातल्या टेकडीवरचं. माझ्या वरिष्ठांनी रात्री अकरानंतर आठवडाभर लावायची परवानगी दिली. तिसऱ्या दिवसापासून मेसेज यायला लागले. हिंजवडीहून रात्रपाळीचे, हॉस्टेलची मुलं, एक रिक्षावाले काका रोज न चुकता. आठव्या दिवशी गाणं यादीतून गेलं. मेसेज पुढे पंधरा दिवस येत होते आणि मी "नक्की लावू" म्हणत होते, लावता येणार नाही हे माहीत असून. ते मला अजून सलतं. ती मुलं आता तिशी ओलांडून गेली असतील. गाणं माझ्याकडे आहे. ती मुलं हे वाचत असतील तर मला व्यनि (खासगी निरोप) करा.

पुण्याला पुण्याचं गाणं मिळायला केंद्र पुण्यात असून भागत नाही. निवड पुण्यात व्हायला लागते.

तापकीर गल्ली

@रात्रीची लिंक, तुम्ही ते गाणं जपलंत हे फार चांगलं केलंत. दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवा. एकाच डिस्कवर विसंबू नका.

कृष्णाकाठ

आत्याकडे जाऊन आलो. तिने झोपाळ्यावर बसून म्हटलं, मी लिहून घेतलं. ध्रुपद आणि पहिलं कडवं शनिपारताईंनी व्यनितून पाठवलेल्या शब्दांशी तंतोतंत जुळतं. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ ती अशी म्हणते:

"कळ्या सरल्या मोजून, आता पावलं मोजू कशी"

चौथी ओळ तिला येत नाही. ती म्हणाली, तेव्हा ती शिवणाच्या वर्गाला जायची आणि गाणं संपायच्या आत घरातून निघावं लागायचं.

सासवडकर

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी फक्त वाचते.

कालपासून कपाटात शोधत होते, सापडली. माझ्या आईची वही, चौकटीच्या कागदाची. त्यात हे गाणं आहे. दुसरं कडवं पुरं आहे, चौथ्या ओळीसकट. ताईंना व्यनि केलाय. तिसरी ओळ मात्र आमच्याकडे थोडी वेगळी: "कळ्या सरल्या मोजून, आता वाट मोजू कशी." अक्षर स्पष्ट आहे, खाडाखोड नाही. पहिल्या कडव्यातले दोन शब्द आमच्याकडे नाहीत, ते आता ताईंच्या वहीतून घेतले.

गायिकेचं नाव नाही. आईला नावं लिहायची सवय नव्हती. ती गेली, त्यामुळे विचारता येत नाही.

मिशिगनकर

सासवडकर, वहीत तारखा आहेत का? नसतील तर गाण्याच्या आगेमागे आणखी काही लिहिलंय का? हिशेब, पत्ते, कसलीही नोंद?

सासवडकर

तारखा नाहीत. पण पुढच्याच पानाच्या समासात आडवं लिहिलंय, "पंडितजी गेले". आणि त्या पानावरचं गाणं अर्धंच आहे.

खडकमाळ

नेहरू गेले २७ मे १९६४ ला. म्हणजे सासवडच्या वहीत आपलं गाणं त्याआधी उतरलंय.

आणि शनिपारताईंच्या आईंची पहिली वही पानशेतच्या पुरात गेली. पूर १२ जुलै १९६१ चा. हे गाणं दुसऱ्या वहीत आहे, म्हणजे त्यांनी ते पुरानंतर लिहून घेतलं. ताई, वहीत कितव्या पानावर आहे?

शनिपार

अकराव्या. अंगावर काटा आला हे वाचून.

कृष्णाकाठ

त्यात आमची भर घाला. आत्याने ते पुण्यावरच ऐकलं, सांगली यायच्या आधी, असं ती ठामपणे म्हणते. म्हणजे ऑक्टोबर १९६३ च्या आधी. शिवणाचा वर्ग लग्नाआधीचा, आणि लग्न १९६४ चं, तेही जुळतं.

तापकीर गल्ली

सांगलीचा पुरावा थोडा सैल धरा. केंद्र आल्यावरही काही घरांत सवयीने पुणेच चालू राहिलं असेल. जुलै १९६१ ते मे १९६४ मात्र पक्कं समजायला हरकत नाही. तीन वर्षांच्या आतला काळ आहे. जुन्या मुद्रणांच्या नोंदवहीत शोधायला सांगायचं तर एवढं नेमकं सांगता आलं पाहिजे.

बेलबाग

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण ही तीन घरांची जुळणी बघून आज आईच्या गाण्याचा विचार करत बसलो. जात्यावरची नव्हे, रेडिओवरचीच दोन गाणी ती गुणगुणायची. एकाचं ध्रुपद आठवलं आहे. उद्या सविस्तर लिहितो.

शनिपार

बेलबाग, वाट बघते.

आईला तिसऱ्या ओळीचे दोन्ही पाठ वाचून दाखवले. तिने डोळे मिटून मांडीवर ठेका धरला आणि दोन्ही म्हणून पाहिले. म्हणाली, "'वाट' नव्हे. त्या जागी गायिकेचा आवाज लांबत जायचा, 'वाट' तेवढ्यात संपून जातं. 'पावलं'च असणार." मग लगेच म्हणाली, "पण त्या सासवडच्या बाईंनी आपल्या कानाने लिहिलंय, त्यांचंही राहू दे." वही मागवली. "दूध" खोडलं नाही, त्याच्या वर "पावलं" लिहिलं आणि शेजारी कंसात "वाट, सासवड".

आता गायिकेचं नाव हवंय. जुलै १९६१ ते मे १९६४ या काळातली वही कुणाच्याही घरात असेल, भोर, जेजुरी, शिरूर, कुठलीही, तर जाईच्या कळ्या तेवढ्या बघा. गाण्याखाली नाव लिहायची सवय कुणाला तरी असेलच.

वाचनमात्र

सासूबाईंना विचारलं. त्यांच्या दोन वह्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, आणि त्या गाण्याखाली नावं लिहायच्या. रविवारी शिडी लावून काढते.